बाटलीच्या झाकणांचा शिल्पकार



शिल्पकार म्हटला की छिन्नी-हातोडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. आणि एकदा घडलेली मूर्ती पुन्हा आकार बदलत नाही, हे तर आपण गृहीतच धरतो. आज ज्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहोत, त्या एल अनात्सुई यांनी या दोन्ही गोष्टी सोडून दिल्या, आणि तरीही जग त्यांना थोर शिल्पकार मानते. हे कसे घडले, एवढाच आजचा विषय.

त्यांचा जन्म 1944 सालचा, आज ज्याला घाना म्हणतात त्या देशातील अन्याको गावचा. देशावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. वडील व भाऊ केंटे नावाचे रंगीत पट्ट्यांचे वस्त्र विणीत. हा मुलगा मात्र पाद्री असलेल्या मामाच्या घरी वाढला. कुमासीच्या कलाशाळेतून ते 1969 मध्ये बाहेर पडले. तेथील शिक्षण सारे विलायती वळणाचे. आपल्या मुंबईच्या कलाशाळेत ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून मुले रेखाटन शिकत, त्यातलाच हा प्रकार. मग आपले असे काय, हा प्रश्न या तरुणाला छळू लागला. उत्तरासाठी तो बाजारात गेला. बाजारकरणी ज्या लाकडी तबकांवर माल मांडीत, ती गोल तबके त्याने घेतली आणि तापलेल्या सळईने त्यांवर अदिंक्रा ही परंपरागत चिन्हे डागली.

1975 साली ते नायजेरियातील न्सुक्का विद्यापीठात शिकवावयास गेले. बियाफ्राचे यादवी युद्ध संपून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. त्यांनी फुटक्या मडक्यांची शिल्पे केली. पुढे यांत्रिक करवतीने फळ्या चिरल्या, जाळल्या, रंगविल्या. 1990 मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांचे नाव झाले. परंतु खरी कथा यानंतरची आहे.

1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्सुक्काजवळ त्यांना एक पिशवी सापडली. आत होती दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणे. पिशवी बराच काळ कार्यशाळेत पडून राहिली. नंतर ती झाकणे ठोकून सपाट करावी, दुमडावी, पिळावी, भोके पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांस जोडावी, असे सुरू झाले. मदतीला गावातील तरुणांचा ताफा. हजारो झाकणे जोडली गेली की जे तयार होई, ते धातूचे असूनही वस्त्रासारखे लोळे. लाल, पिवळे, काळे, रुपेरी रंग मूळ झाकणांचेच, कुंचला नाही. त्याला चित्र म्हणावे की शिल्प, हा वाद पंडितांनी घालावा. अनात्सुईंनी तो मिटविण्याची घाई केली नाही.

कोणी म्हणेल, ही तर कचऱ्याची गोधडी! आम्हांलाही छायाचित्रे पाहून प्रथम तसेच वाटले. पण हा कचरा निवडक आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर युरोपीय व्यापाऱ्यांनी दारू आणली, आणि तिच्या मोबदल्यात माणसेही नेली. ती माणसे अमेरिकेच्या बाजूच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत राबली, आणि त्या उसाचीच पुन्हा रम झाली. हा इतिहास झाकणात दडलेला आहे. शिवाय कोणीतरी ती बाटली उघडली, तिला हात लावला, हा स्पर्शही त्यांना मोलाचा वाटतो.

2007 साली व्हेनिसमध्ये त्यांनी एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंतच अशा पडद्याने मढविली. तेथेच 2015 मध्ये त्यांना जीवनकार्याबद्दल सुवर्णसिंह मिळाला. 2023 च्या ऑक्टोबरात लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये, म्हणजे जुन्या वीजकेंद्राच्या अवाढव्य दालनात, ‘तांबड्या चंद्रामागे’ हे तीन भागांचे काम टांगले गेले. पहिला भाग पाहताना जहाजाचे शीड आठवावे, अशी त्याची ठेवण होती.

हे पडदे घडी करून पेटीतून जगभर जातात. आणि ते कसे टांगावे याची सक्ती नसते! संग्रहालयातल्या माणसांनी चुण्या पाडाव्या, दुमडावे, जमिनीवर उतरवावे. या स्वातंत्र्याने पुष्कळांची पंचाईत होते, हे उघड आहे. आज्ञा पाळण्याची सवय कलेतही असते. स्वतः अनात्सुईंनी तरी काय केले? लंडन-न्यूयॉर्कला कायमचे बिऱ्हाड न करता 2011 पर्यंत न्सुक्कालाच मुलांना शिकविले. आणि ती झाकणे जोडली गेली तीही तिथेच.