थंड देशातला लिंबाचा वास



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत गांजा हा विषय छापून आल्यापासून कार्यकर्त्यांना बरीच विचारणा झाली म्हणे. काहींनी शेवटी प्रसाद काय वाटणार, असंही विचारलं. प्रसाद फक्त माहितीचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

१ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत सज्ञान माणसाला स्वतःपुरती गांजाची ३ झाडं घरी लावता येतात. घरात ५० ग्रॅमपर्यंत आणि बाहेर जाताना जवळ २५ ग्रॅमपर्यंत वाळलेला माल बाळगता येतो. विक्रीला मात्र मनाई आहे. कायद्याने वाट मोकळी केली, पण बाल्कनीत झाड लावणाऱ्याची खरी गाठ पडते ती हवामानाशी. त्यातही त्याला लिंबासंत्र्याच्या वासाचा वाण हवा असेल, तर ती गाठ आणखी घट्ट बसते. का, ते आज पाहू.

या वासासाठी गाजलेला एक वाण म्हणजे 'सुपर लेमन हेझ'. अ‍ॅमस्टरडॅमच्या 'कॅनबिस कप' स्पर्धेत २००८ आणि २००९ अशी सलग दोन वर्षं तो पहिला आला. 'लेमन स्कंक' आणि 'सुपर सिल्व्हर हेझ' यांच्या संकरातून तो निघाला. यातल्या हेझचं कुळ उष्ण प्रदेशातलं. कॅलिफोर्नियात कोलंबिया, मेक्सिको, थायलंड आणि दक्षिण भारत इथल्या वाणांचं रक्त एकत्र करून ते घडलं, असं सांगितलं जातं. अशा प्रदेशात कडाक्याची थंडी नसते, त्यामुळे झाडाला घाई नसते. फुलोरा सुरू झाल्यापासून पक्व व्हायला ते १० आठवडे किंवा त्याहूनही जास्त घेतं. हाच निवांतपणा बर्लिनमध्ये त्याच्या मुळावर येतो.

गांजाचं झाड रात्रीची लांबी ओळखतं. रात्र पुरेशी मोठी झाली, की ते फुलोऱ्याला लागतं. झुल्यें त्युर्न्वा या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१२ च्या सुमारास हॉप आणि गांजा या एकाच कुळातल्या दोन झाडांवर हे टिपलं होतं. पुढे पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि काम अर्धवट राहिलं. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि इतर पिकांवरून तोच नियम नीट मांडला. आपल्याकडच्या पॉलिहाऊसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. शेवंती वेळेआधी फुलू नये म्हणून ते रात्री बल्ब लावतात, ते याच नियमाच्या आधारावर.

आता हिशेब मांडू. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. बर्लिनमध्ये तो जवळजवळ १७ तासांचा. त्यामुळे तिथे झाड उन्हाळाभर नुसतं वाढतं आणि फुलोऱ्याला लागतं ते ऑगस्टमध्ये, दिवस चांगला आखडल्यावर. ऑगस्टच्या मध्यापासून १० आठवडे मोजा, ऑक्टोबरची अखेर येते. तेव्हा तिथे दिवस १० तासांचा उरलेला असतो, सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून फार वर चढत नाही, धुकं असतं आणि दव दुपारपर्यंत वाळत नाही.

अशा हवेत बोट्रायटिस ही करडी बुरशी येते. द्राक्षबागाईतदार भुरीला ओळखतात, कारण ती पानावर पांढरी दिसते. ही बुरशी तशी दिसत नाही. फुलांचा तुरा बाहेरून भरगच्च आणि हिरवागार असतो. त्यातलं एखादंच बारीक पान पिवळं पडलेलं असतं. चिमटीत धरलं की ते अलगद निघून येतं. तुरा फोडून पाहावा, तर देठाशी सगळं तपकिरी आणि मऊ झालेलं, वर करड्या लोकरीसारखा थर. तुरा जितका दाट, तितकी आत हवा कमी आणि बुरशीची चंगळ. असा माल टाकूनच द्यावा लागतो.

यावर संकरकारांनी दोन मार्ग काढले. पहिला म्हणजे हिंदुकुशच्या डोंगरातल्या वाणांशी संकर. तिथला उन्हाळा आखूड, म्हणून ती झाडं लवकर पिकतात. दुसरा मार्ग रशियातल्या रानटी जातीचा. यानिशेव्हस्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये तिला 'रुडेरालिस' हे नाव दिलं. ही जात रात्रीची लांबी मोजतच नाही, ठरावीक वयाची झाली की फुलते. तिच्या संकरातून निघालेली झाडं भर उन्हाळ्यात, बुरशीचा हंगाम यायच्या आत पिकतात. पण प्रत्येक संकरात वासाची वाटणी नव्याने होते. लिंबाचा वास पुढच्या पिढीत उतरेलच याची खात्री नसते. तो टिकवायचा, तर पिढ्यान्‌पिढ्या निवड करत राहावी लागते.

हा वास येतो कुठून? फुलावर भिंगातून पाहिलं, तर देठावर गोळा बसवावा तशा सूक्ष्म ग्रंथी दिसतात. आधी त्या काचेसारख्या असतात, मग दुधाळ होतात, शेवटी त्यांवर पिंगट झाक येते. त्यांत लिमोनिन असतं. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त असतं तेच हे द्रव्य. पण गांजाच्या वासाचं श्रेय एकट्या लिमोनिनला देता येत नाही. अत्यल्प प्रमाणातली गंधकयुक्त संयुगं वासाला वेगळं वळण देतात, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्यांतली काही पेरूतही सापडतात. ही द्रव्यं उडून जाणारी असतात. म्हणून कापणीनंतर तुरे उन्हात किंवा गरम हवेत झटपट वाळवले, की वास निघून जातो. सावलीत, थंड आणि हलत्या हवेत सावकाश वाळवले तर टिकतो.

या वासाचा कैफावर परिणाम होतो का? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये २० निरोगी प्रौढांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. टीएचसी या गांजातल्या कैफ आणणाऱ्या द्रव्याबरोबर लिमोनिन दिल्यावर टीएचसीमुळे येणारी अस्वस्थता कमी झाली. प्रयोग लहान आहे. त्यावरून लिंबाच्या वासाचा गांजा निरुपद्रवी ठरत नाही.

हे सगळं ज्ञान युरोपातच जन्मलं, असं समजू नका. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगाव भागातले 'पोद्दार' भेटतात. शेतकरी त्यांना पैसे देऊन बोलावत. ते उभ्या पिकातून फिरून नर झाडं नेमकी ओळखत आणि उपटून टाकत. मादी फुलांत बी धरू नये, हा हेतू. आज युरोपातला माणूस फक्त मादी झाडं देणारं बी पाकिटातून विकत घेतो, ते याच कामासाठी.

या सगळ्यावरून माझा निष्कर्ष असा. पाकिटावरच्या लिंबाच्या चित्रावरून वासाची हमी मिळत नाही. थंड देशात आधी वाण किती आठवड्यांत पिकतो ते पाहावं लागतं, वासाचा विचार नंतर. उशिरा पिकणारा सुगंधी वाण तिथे बुरशीच्या तोंडी जातो.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांची मुलं जर्मनीत शिकतात, नोकरी करतात. तिथे चालतं ते इथे चालत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. उत्तराखंडने २०१८ मध्ये तंतूसाठी, कैफ नसलेल्या भांगेच्या लागवडीला परवाने दिले, ती गोष्ट वेगळी. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाचं झाड विनापरवाना लावणं हा गुन्हा आहे, मग ते गच्चीवरच्या कुंडीत का असेना. त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा तिकडचं बी इकडे आणून लावू नका.