बटण हरवलं, तर बोला!

आज आपण कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. पण घाबरू नका, आज नवीन काही शिकवणार नाही. येत असलेलं काम एका दिवसात येईनासं झालं, तर काय करायचं, तेवढंच सांगणार आहोत.

आम्ही चार-पाच जणी बायकांना कॉम्प्युटर शिकवतो. बचत गटाचा हिशेब लिहिणाऱ्या, सेवा केंद्रात दाखले काढून देणाऱ्या, दुकानाची बिलं करणाऱ्या, अशा सगळ्या जणी आमच्याकडे येतात. त्यांच्या तोंडून एक वाक्य आम्ही नेहमी ऐकतो : "ताई, काल येत होतं, आज येत नाही. माझंच काहीतरी चुकलं." जाऊन बघावं, तर रात्रीतून कॉम्प्युटर अपडेट झालेला असतो. बटणाची जागा बदललेली, चित्र बदललेलं, कधी नावसुद्धा बदललेलं.

आता सांगा, तुमच्या स्वयंपाकघरातले डबे तुम्हाला न विचारता कुणी हलवले आणि हळद सापडली नाही, तर 'मला स्वयंपाक येत नाही' असं तुम्ही म्हणता का? "डबे कुणी हलवले?" असंच विचारता ना? मग कॉम्प्युटरपुढे बसल्यावर आपण गप्प का होतो?

हा प्रश्न एकदा जगभरातल्या लोकांनी विचारला होता. ती गोष्ट ऐका.

विंडोज कॉम्प्युटरच्या खालच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट'चं बटण असायचं. ते १९९५ साली आलं. ते दाबलं की सगळ्या कामांची यादी उघडायची, कॉम्प्युटर बंद करायचा तोही तिथूनच. सतरा वर्षं लोकांचा हात आपोआप त्या कोपऱ्यात जायचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, आणि ते बटण तिथून गेलं. यादीच्या जागी पडदाभर रंगीत चौकोन आले. कॉम्प्युटर बंद करायचा, तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, मग एक पट्टी सरकत बाहेर येणार, तिच्यात 'सेटिंग्ज' शोधायचं आणि त्याच्या आत बंद करायचं बटण! लोक अगदी वैतागले.

असं का केलं असेल? तेव्हा बोटाने चालवायचे टॅबलेट आले होते. बोटासाठी आणि माउससाठी एकच पडदा करावा, असं कंपनीच्या मनात होतं. शिवाय लोक कुठे किती वेळा क्लिक करतात, याची मोजदाद कंपनीकडे होती. त्यात स्टार्टच्या यादीचा वापर कमी झालेला दिसत होता. पण मैत्रिणींनो, घराचं मागचं दार दिवसातून एकदाच उघडतं, म्हणून कुणी ते विटा लावून बुजवतं का? ते एकदा उघडणं किती गरजेचं आहे, हे मोजदाद सांगत नाही. ते राहणाऱ्या माणसानेच सांगावं लागतं.

लोकांनी ते सांगितलं, अगदी ओरडून सांगितलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज ८.१ आलं आणि त्यात बटण परत आलं. पण गंमत बघा. ते दाबलं की पुन्हा तेच रंगीत चौकोन! लोकांना हवी होती ती यादी. ती नीट परत यायला जुलै २०१५ उजाडला, विंडोज १० आलं तेव्हा.

आम्हाला या गोष्टीतून दोन धडे दिसतात. एक, वापरणाऱ्यांनी तोंड उघडलं तर एवढी मोठी कंपनीसुद्धा मागे वळते. आणि दुसरा, नुसतं 'आमचं बटण द्या' म्हटलं, तर नुसतं बटण मिळू शकतं. म्हणून आपलं काम कुठे अडलं, ते सांगायचं.

ते कसं सांगायचं? तीन वाक्यं पुरतात. मी काय करत होते. काय व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात काय झालं. म्हणजे 'नवीन पडदा बेकार आहे' असं लिहू नका. असं लिहा : 'मी रोज चाळीस पावत्या छापते. आधी छपाईचं बटण समोर होतं, एका क्लिकमध्ये काम व्हायचं. आता तीन ठिकाणी दाबावं लागतं आणि रांग खोळंबते.' हे वाचणाऱ्याला अडचण लगेच कळते.

विंडोज १० किंवा ११ असेल, तर कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि एफ एकदम दाबा. अभिप्राय लिहायची जागा उघडते. ऑफिसातलं किंवा गटाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल, तर ज्यांनी ते बसवून दिलं त्यांना लेखी कळवा. चौघींची अडचण एकच असेल, तर चौघींनी सह्या करून द्या. पडद्याचा फोटो जोडलात तर उत्तमच, फक्त त्यात कुणाचा आधार क्रमांक किंवा बँकेचा खातेक्रमांक दिसणार नाही, एवढं बघा.

आता, प्रत्येक बदल वाईटच असतो, असंही आम्ही म्हणणार नाही. विंडोज ८ आधीच्यापेक्षा लवकर सुरू व्हायचं, हेही खरं. म्हणून आठ दिवस वापरून बघा. सेटिंग्जमध्ये काही बदलता येतं का, तेही बघा. विंडोज ११ मध्ये स्टार्टचं बटण मधोमध आलं, पण ते पुन्हा डावीकडे नेता येतं. आठ दिवसांनीही काम अडत असेल, तर मात्र लिहाच.

हे आम्ही एवढं कळकळीने का सांगतोय? बटण सापडत नाही म्हणून बाई खुर्चीवरून उठते. "राहू दे, भाचा करून देईल," म्हणते. एकदा उठते, दोनदा उठते आणि हळूहळू ते काम भाच्याचं होऊन जातं. कष्टाने शिकलेलं काम आणि त्याचे चार पैसे एका सरकलेल्या बटणापायी हातचे जातात.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या पडदा बदललेला दिसला, तर खुर्ची सोडू नका. "डबे कुणी हलवले?" असं विचारा, आणि तीन वाक्यं लिहून पाठवा.