ज्ञानदान : एका प्रतीच्या अनेक प्रती
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चार दाने आपल्या परंपरेत सांगितली आहेत. त्यांपैकी ज्ञान दिल्याने दात्याचे काहीच उणे होत नाही. उलट ते एकाच जागी ठेवले तर नष्ट होण्याचे भय असते.

आचार्य वीरसेनांची ‘धवला’ ही षट्खंडागमावरील टीका नवव्या शतकातील. तिच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्रीलाच राहिल्या. एखादी आग किंवा वाळवी तो ठेवा संपवू शकली असती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे नकला करण्याचे कार्य सुरू झाले. पुढे प्रती बाहेर आल्या आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली आपल्या विदर्भातील अमरावतीहून पहिला भाग प्रकाशित झाला. यथावकाश १६ भाग पूर्ण झाले. ग्रंथ अनेकांच्या हाती गेला, म्हणून निर्भय झाला.

आता घरातील एक साधी गोष्ट सांगतो. माझे थोरले बंधू कूलर आणि पाण्याच्या मोटारींचे जाणकार होते. नागपूरच्या उन्हाळ्यात आमचे नातलग त्यांनाच विचारीत. मोबाईलवर ते सर्वांना लिहून कळवीत : टाकीतील पाणी उडून जाते, पण क्षार मागे उरतात, म्हणून नुसते पाणी वाढवू नये, ठरावीक दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करावी, आणि पंपाला हात लावण्यापूर्वी प्लग काढावाच. त्यांच्या स्वर्गवासानंतर काही महिन्यांतच तो मोबाईल बंद पडला. आम्हांस वाटले, सारे गेले. परंतु पुण्याच्या भाच्याने काही सूचना जपल्या होत्या, काही अकोल्याच्या वहिनींनी वहीत उतरविल्या होत्या. अनेकांकडून गोळा करून आम्ही त्या पुन्हा लिहिल्या.

बंधूंनो, इंटरनेटवरही हाच प्रश्न आहे. ‘याहू ग्रुप्स’वर जगभरातील लोकांनी वर्षानुवर्षे अनुभव लिहिले, २०२० मध्ये ती सेवा बंद झाली. एका कंपनीचा निर्णय आणि असंख्य समूहांची जागा गेली ! यावर उपाय म्हणून विकेंद्रित व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेले ‘मॅस्टोडॉन’ हे त्याचे उदाहरण. त्यात सर्वांचा मिळून एकच मालक नसतो. निरनिराळे समूह आपापला सर्व्हर चालवितात, आपले नियम ठरवितात, तरीही एकमेकांचे लेखन वाचू शकतात. त्यासाठी लागणारी ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ ही समान पद्धती २०१८ मध्ये जागतिक मानक म्हणून मान्य झाली. गावोगावची ग्रंथभांडारे स्वतंत्र, पण ग्रंथांची देवघेव चालू, असेच हे आहे.

अर्थात लहान सर्व्हरही बंद पडू शकतो आणि चुकीची माहितीही तितक्याच वेगाने पसरते. जुन्या हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिकाचे नाव, गाव आणि संवत पुष्कळदा आढळते. ही शिस्त आपणही पाळावी. सूचना कोणी लिहिली, केव्हा लिहिली, स्वतः करून पाहिली की केवळ ऐकली, हे नमूद करावे. औषध आणि विजेच्या बाबतीत जाणकारास विचारल्याविना पुढे पाठवू नये. आणि जे उपयुक्त आहे त्याची एक प्रत अन्यत्र अवश्य ठेवावी.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी नम्र विनंती आहे. तरुणांनी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसावे. धान्य कसे टिकवावे, मोटार कशी दुरुस्त करावी, जुनी मोडी कागदपत्रे कशी वाचावी, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ते एकाच मोबाईलमध्ये ठेवू नये. माझ्या बंधूंच्या आवाजातील एकही सूचना आज आमच्याजवळ नाही. शब्द तेवढे वाचले. आपल्याकडे अजून वेळ आहे.