व्यवस्थापन शिकवणारे कोठून आले?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



वाणिज्य शाखेचा शिक्षक म्हणून मी आज जो विषय घेतला आहे, तो मला एका पालकांनीच दिला.

गेल्या वर्षी निकाल लागल्यावर एक बागवान गृहस्थ मला भेटायला आले. मार्केट यार्डात फळांच्या घाऊक व्यापारात त्यांची तीस वर्षे गेली आहेत. थोरला मुलगा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाला होता. दुसरा गाळा घेण्यासाठी त्यांनी पैसे साठवले होते आणि मुलगा एमबीए करायचे म्हणत होता. एका महाविद्यालयाचे रंगीत माहितीपत्रक त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "सर, गाळा घेऊ की फी भरू? आणि एक सांगा, हा धंदा शिकवणारी माणसे आहेत तरी कोण? त्यांनी स्वतः कधी धंदा केलाय का?"

पहिला प्रश्न नेहमीचा होता. दुसरा मला आजवर कोणी विचारला नव्हता. डॉक्टर व्हायचे तर डॉक्टर शिकवतो, वकील व्हायचे तर वकील शिकवतो. मग व्यवस्थापन कोण शिकवतो, आणि तो येतो कोठून? या प्रश्नाचे उत्तर आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे, कारण फी भरणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांनी तो विचारायला हवा.

मित्रांनो, हे शास्त्र तसे तरुण आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे व्हॉर्टन स्कूल १८८१ साली निघाले, हार्वर्डचे बिझनेस स्कूल १९०८ साली. आपल्या मुंबईत सिडनेहॅम कॉलेज १९१३ साली सुरू झाले. शास्त्रच नवे, तेव्हा त्याचे पहिले गुरू त्या शास्त्राचे पदवीधर असणे शक्यच नव्हते. ते सगळे बाहेरून आले.

फ्रान्सचे हेन्री फेयॉल यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८४१ साली इस्तंबूलमध्ये झाला. शिक्षण खाणकाम अभियंत्याचे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते एका कोळसा खाणीच्या कंपनीत लागले. १८८८ साली कंपनी बुडण्याच्या बेतात असताना तिची सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि १९१८ पर्यंत त्यांनी ती चालवून भरभराटीस आणली. व्यवस्थापकाचे काम म्हणजे काय, यावरचा त्यांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. आधी बेत करणे, मग माणसे व साधने जुळवणे, हुकूम देणे, मेळ घालणे आणि शेवटी तपासणे, अशी पाच कामे त्यांनी सांगितली. आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हीच पाठ करतो. ती एका खाणवाल्याने आयुष्यभर काम करून उतारवयात लिहून काढली, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

अमेरिकेचे फ्रेडरिक टेलर कारखान्यात उमेदवारी करून, मजूर म्हणून लागून मुख्य अभियंता झाले. काम करता करता त्यांनी अभियांत्रिकीची पदवी मिळवली आणि पुढे हार्वर्डमध्ये व्याख्याने दिली. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे पहिले अधिष्ठाता एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक होते. १९१९ साली आलेले वॉलेस डोनम हे कायदा शिकलेले. कायद्याच्या वर्गात जसे खटले वाचून चर्चा होते, तशी एखाद्या व्यवसायाची खरी हकिकत पुढे ठेवून चर्चा करण्याची पद्धत त्यांनी हार्वर्डमध्ये रुजवली. आज एमबीएच्या वर्गात 'केस' म्हणतात ती हीच.

माझ्या भगिनींनी लिलियन गिलब्रेथ यांचे नाव लक्षात ठेवावे. त्यांनी साहित्यात एम.ए. केले आणि १९१५ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांचे पती फ्रँक गिलब्रेथ गवंडीकामापासून वर आलेले. कामात हातापायांची व्यर्थ हालचाल कशी टाळावी, याचा या दोघांनी मिळून अभ्यास केला. १९२४ साली पती वारले. घरात मोठा गोतावळा, मुले शिकायची होती. बाईंनी काम सोडले नाही. १९३५ साली त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. स्वयंपाकघरातील कामाची मांडणी हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. ओटा कोठे, पाणी कोठे, किती पावले वाचतील, या साध्या गोष्टीतही शास्त्र आहे हे त्यांनी दाखवले.

आणि पीटर ड्रकर, ज्यांची पुस्तके दुकानादुकानांत दिसतात? ते व्हिएन्नाचे, जन्म १९०९. पदवी कायद्याची, पेशा वर्तमानपत्राचा. १९३३ साली जर्मनी सोडून ते इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेला गेले. जनरल मोटर्स या मोटार कंपनीत आत राहून, माणसांशी बोलून त्यांनी जे पाहिले ते १९४६ साली पुस्तकरूपाने लिहिले.

आता तुम्ही म्हणाल, मग अनुभवी माणूस वर्गात उभा केला की झाले. येथेच गोष्ट अडते. अनुभवी माणूस पुष्कळदा आपल्या पराक्रमाच्या कथा सांगत बसतो. त्याला काय जमले ते तो सांगतो, पण का जमले आणि दुसऱ्याला का जमणार नाही, हे त्याने तपासलेले नसते. १९५९ साली अमेरिकेत फोर्ड आणि कार्नेगी या दोन न्यासांच्या मदतीने बिझनेस स्कूलच्या शिक्षणाची पाहणी झाली. शिक्षण उथळ आहे, संशोधनाला खोली नाही, असा कठोर निष्कर्ष निघाला. तेव्हापासून पीएच.डी. झालेले, गणित, अर्थशास्त्र, मानसशास्त्र जाणणारे प्राध्यापक नेमण्याकडे ओढा वाढला. त्याने शास्त्र पक्के झाले, यात शंका नाही.

परंतु तराजूचे दुसरे पारडे वर गेले. ज्यांनी कारखान्याचे फाटक ओलांडले नाही असेही लोक कारखाना कसा चालवावा हे शिकवू लागले. कॅनडाचे हेन्री मिंट्झबर्ग मूळचे यंत्र अभियंते, काही काळ रेल्वेत नोकरी केलेले. त्यांनी पाच संस्थांच्या प्रमुखांजवळ बसून ते दिवसभर नेमके काय करतात याची नोंद केली आणि १९७३ साली पुस्तक लिहिले. साहेब शांतपणे बसून आराखडे आखत नव्हता. त्याचे काम तुकड्यातुकड्यांत चालले होते. एक येतो, एक जातो, मध्येच फोन, आणि कागदावरच्या अहवालापेक्षा तोंडी बातमीवर त्याचा भरवसा जास्त. आमच्या बागवान गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "हे तर माझ्या गाळ्यावर रोज सकाळी चालते."

कलकत्त्याचे सुमंत्र घोषाल फिजिक्सचे पदवीधर. इंडियन ऑइलमध्ये अनेक वर्षे नोकरी केल्यावर अमेरिकेत जाऊन त्यांनी दोन डॉक्टरेट मिळवल्या, आणि लंडन बिझनेस स्कूलमध्ये ते नामवंत प्राध्यापक झाले. २००४ साली ते वारले आणि २००५ साली त्यांचा एक गाजलेला लेख प्रसिद्ध झाला. माणूस फक्त स्वार्थ पाहतो असे गृहीत धरून सिद्धांत शिकवले, तर आपण विद्यार्थ्यांना नैतिक जबाबदारीतून मोकळे करतो, असे त्यांनी आपल्याच पेशाला बजावले. धंद्यात इमान हवे, हे आपल्या घरात लहानपणापासून सांगतात. तेच विद्वत्तेच्या भाषेत सांगायला एका प्राध्यापकाला आपल्याच लोकांचा रोष पत्करावा लागतो, हे ध्यानात घ्या.

आपल्या देशातही असेच घडले. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाली. ती उभारण्यात पुढाकार विक्रम साराभाई यांचा, आणि ते पदार्थवैज्ञानिक. पहिल्या प्राध्यापकांपैकी कमला चौधरी या मानसशास्त्राच्या. त्याआधी त्यांनी अहमदाबादच्या कापड गिरण्यांतील कामगारांचा अभ्यास केला होता. १९६५ साली पूर्ण वेळ संचालक झालेले रवी मथाई खासगी कंपनीतील नोकरीतून अध्यापनाकडे आलेले. १९७२ साली त्यांनी संचालकपद आपण होऊन सोडले आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. पुढे १९७५ पासून ते राजस्थानात जवाजा भागातील विणकर आणि चामड्याचे काम करणारे यांच्यात जाऊन काम करू लागले. ज्यांच्याकडे कसब आहे पण बाजार नाही, त्यांना आपला धंदा आपण सांभाळता यावा, हा त्यांचा प्रयत्न होता. संचालकाची खुर्ची सोडून हातमागाशेजारी बसणारा हा प्राध्यापक मला फार मोठा वाटतो.

विद्यार्थी मित्रांनो, 'माझी शाखा वेगळी, आता मला हे दार बंद' असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी दोन नावे सांगतो. कोइमतूरमध्ये १९४१ साली जन्मलेले सी. के. प्रल्हाद फिजिक्सचे पदवीधर. त्यांनी आधी बॅटरीच्या कारखान्यात नोकरी केली, मग अहमदाबाद, मग १९७५ साली हार्वर्डची डॉक्टरेट, आणि मिशिगन विद्यापीठात अध्यापन. गरीब माणसाकडे दयेचा धनी म्हणून न पाहता समजूतदार गिऱ्हाईक म्हणून पाहा, हा विचार त्यांनी २००४ सालच्या पुस्तकात मांडला. दुसरे श्रीकांत दातार. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, चार्टर्ड अकाउंटंट, पुढे अहमदाबाद आणि स्टॅनफर्ड येथे शिकलेले. १ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अधिष्ठातापदाची सूत्रे घेतली. त्यांच्या आधीचे अधिष्ठाता नितीन नोहरिया हे मुंबईच्या आयआयटीचे केमिकल इंजिनिअर. म्हणजे जमाखर्चाच्या वहीतूनही रस्ता जातो आणि रसायनाच्या प्रयोगशाळेतूनही.

या साऱ्यांत समान काय? खाण, गिरणी, रेल्वे, कोर्ट, वर्तमानपत्र, वाटा निरनिराळ्या होत्या. परंतु प्रत्येकाने कोठेतरी जवळ जाऊन काम पाहिले किंवा केले, आणि मग ते इतरांना तपासता येईल अशा रीतीने लिहून ठेवले. नुसते करणारा कसबी होतो, नुसते लिहिणारा पोथीनिष्ठ होतो. दोन्ही करतो तो शिक्षक होतो.

पालकहो, आता कामाचे बोलतो. प्रवेश घेण्यापूर्वी मुला-मुलींना घेऊन महाविद्यालयात स्वतः जा आणि चार प्रश्न विचारा. पहिला, पूर्ण वेळ शिकवणारे कोण, त्यांचे शिक्षण काय आणि आधी कोठे काम केले? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेला ही माहिती आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. ती यादी छापून बरोबर न्या. दुसरा, यादीतील माणसे खरोखर तास घेतात का? हे कार्यालयात विचारू नका, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. तिसरा, या प्राध्यापकांनी आपल्या जिल्ह्यातील एखाद्या धंद्याचा, कारखान्याचा, सहकारी संस्थेचा अभ्यास केला आहे का? चौथा, सुट्टीतील प्रत्यक्ष कामासाठी मुले कोठे जातात आणि तेथे त्यांच्यावर लक्ष कोण ठेवतो?

माहितीपत्रकातील 'उद्योगतज्ज्ञ' या शब्दाला मात्र भुलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद केली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षे नाव कमावलेल्या माणसाला पदवीची अट न लावता ठरावीक मुदतीसाठी शिकवायला घेता येते, पण अशा जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसाव्यात. तरतूद चांगली आहे. परंतु छायाचित्र पुस्तिकेत आणि माणूस वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला, असा प्रकार असेल तर त्याचा तुमच्या मुलाला उपयोग नाही.

आमचे बागवान गृहस्थ मुलाला घेऊन त्या महाविद्यालयात गेले. यादीतल्या दोन प्राध्यापकांना तेथल्या मुलांनी पाहिलेलेच नव्हते. फी भरली नाही. गाळाही घेतला नाही. मुलाने एक वर्ष वडिलांबरोबर यार्डात काढायचे आणि प्रवेश परीक्षेची तयारी करायची, असे ठरले.

गेल्या महिन्यात मुलगा माझ्याकडे एक वही घेऊन आला. रोज किती पेट्या आल्या, कोणाच्या आल्या, किती माल सडला आणि कितव्या दिवशी, असे आठ महिन्यांचे आकडे त्यात होते. वडील शेजारी बसून म्हणाले, "कोणाचा माल टिकत नाही हे मला हाताला कळायचे. पण दोघांच्या बाबतीत मी चुकत होतो, ते या वहीने दाखवले."

आपल्यात बागवान आहेत, तांबोळी आहेत, अत्तार, मणियार, मोमीन आहेत. आमची आडनावेच धंद्याची आहेत. पिढ्यान्पिढ्यांचे हुनर आपल्या हातात आहे, ते कागदावर मात्र फार थोडे आले. उद्या आपल्यातून व्यवस्थापनाचे प्राध्यापक निघावेत, मुली निघाव्यात, मुले निघावीत, अशी माझी इच्छा आहे. त्यांनी कोठून आलो हे सांगताना वडिलांच्या गाळ्याचे नाव चोरून घेऊ नये. फेयॉलने खाणीचे नाव चोरून घेतले नव्हते.

त्या मुलाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. त्याच्यासाठी आणि आपल्या सर्व मुलांसाठी दुआ करा. एवढे बोलून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद.