धुराची पारख

(पांढरकवडा येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर 'हाताने वळलेल्या सिगारचा आस्वाद' असा विषय वाचून एका गृहस्थांनी मला मघाशी मंडपाबाहेरच गाठलं. म्हणाले, "सर, आपल्या केळापूर तालुक्यात सिगार ओढते कोण?" त्यांचं बरोबर आहे. कापसाचा आणि सागाचा हा मुलूख. सिगार इथं सिनेमातल्या खलनायकाच्याच तोंडात पाहिलेला. पण याच दिवसांत पहाटे घाटंजीच्या किंवा झरीच्या बाजूला निघालात, तर डोक्यावर तेंदूपत्त्याचे भारे घेऊन जंगलातून परतणाऱ्या बाया दिसतील. हाताने वळलेला धूर ओढायची आपली सगळ्यात मोठी रीत त्या पानावर उभी आहे. म्हणून सुरुवात सिगारपासून करतो. मुक्काम तेंदूपाशीच आहे.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. मी तंबाखूची भलामण करायला उभा नाही. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात खेळवून सोडतात, तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानं होतोच. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. माझं स्वतःचं ओढणं डॉक्टरांनी बंद केलं. बोलणं बंद करायला ते विसरले.

सिगार चाखणारा माणूस काय करतो ते बघा. आधी तो नुसता बघतो. वरचं पान सलग आहे का, शिरा जाड आहेत का, रंग एकसारखा आहे का. मग दोन बोटांत हलकेच दाबत टोकापासून टोकापर्यंत जातो. कुठं पोकळ लागलं तर भरणाऱ्याचा हात चुकला, कुठं गाठ लागली तर धूर अडणार. टोक कापून न पेटवताच एक झुरका घेतो, त्याला सुक्या पानाचा वास कळतो. पेटवतानाही ज्योत पानाला टेकवत नाही, जरा लांब धरून सिगार फिरवत राहतो. मिनिटाला एखादा झुरका, जास्त नाही. घाई केली की सिगार तापतो आणि कडू होतो. पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन भाग मनात धरून तो चव कशी बदलत गेली ते सांगतो: देवदाराचं लाकूड, कातडं, कॉफी, मिरी, ओली माती. ऐकणाऱ्याला वाटतं, हा थापा मारतोय. थोड्या मारतोही. पण सगळ्या थापा नसतात.

कारण त्या चवीमागं खरंच शेत आहे आणि हात आहेत. सिगारमध्ये तीन थर असतात: आतला भरणा, त्याला धरून ठेवणारं बांधणीचं पान आणि सगळ्यात वर दिसणारं अंगावरचं पान. क्युबातल्या पिनार देल रिओ भागात वुएल्ता आबाखो नावाचा पट्टा आहे, तिथला तंबाखू जगात नावाजलेला. एकाच झाडाची वरची पानं ऊन जास्त खातात, म्हणून ती जाड आणि तीव्र, जळायला सावकाश. खालची पानं पातळ, भरभर जळणारी. वळणारा तीव्र पान मधोमध ठेवतो, भोवती सौम्य पानं घालतो, तेव्हा सिगार सरळ जळतो. अंगावरच्या पानाची शेती तर कापडाच्या मांडवाखाली होते, म्हणजे पान पातळ आणि मऊ राहतं. तोडल्यावर पानं रास करून आंबवतात. रास आतून तापते, अमोनियाचा भपका निघतो, कडवटपणा कमी होतो. मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं मुरवणं. आणि शेवटी वळणारा माणूस, एक लाकडी पाट आणि अर्धचंद्र पात्याची सुरी. भरण्याची पानं अशी दुमडायची, की धुराला वाट राहावी. दिवसभरात साधारण शंभर सिगार निघाले की झालं.

म्हणजे चाखणाऱ्याच्या तोंडातला प्रत्येक शब्द शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या कामाबद्दल आहे. कोनन डॉयलच्या १८८७ च्या कादंबरीत शेरलॉक होम्स राख बघून सांगतो, की हा तिरुचिरापल्लीचा चिरूट. तेव्हा तमिळ मुलखातला हा चिरूट लंडनपर्यंत माहीत होता. गावाचं नाव मालाला चिकटलं, मालाची किंमत गावाला थोडीतरी मिळाली. पारख माणसाला नाव देते ती अशी.

आता आपल्याकडे या. तुम्हाला गंमत वाटेल, पण भारताच्या कायद्यानं विडी आणि सिगार एकाच पाटावर बसवले. १९६६ मध्ये कायदा झाला, विडी आणि सिगार कामगारांच्या नोकरीच्या शर्तींचा. हाताने वळणारा तो कामगार, एवढाच हिशेब. पारखीचा हिशेब मात्र वेगळा निघाला.

तेंदू म्हणजे आपली टेंभुर्णी. उन्हाळ्यात तिची पिवळी फळं ज्यानं खाल्ली नाहीत असा माणूस या सभेत नसावा. पूर्वी विडीला आपट्याचं पानही वापरत. दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो तेच. पण तेंदूनं सगळ्यांना मागं टाकलं, आणि त्याला कारणं आहेत. पान वळताना तडकत नाही, साठवणीत लवकर कुजत नाही, जळताना स्वतःची उग्र चव देत नाही, शिवाय फुकट उगवतं. चांगलं पान मिळावं म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी झुडपं छाटतात, खुटकटाई म्हणतात तिला. मग दीडेक महिन्यात नवी पालवी येते, आधी तांबूस, मग हिरवी होत जाते. तांबूस असताना तोडलं तर पान कोवळं, सुकलं की चुरगळणार. फार उशीर केला तर निबर, वळताना मोडणार. या मधल्या चार दिवसांची नजर ज्या बाईला आहे, तिची पारख कुठल्याही सिगारवाल्यापेक्षा कमी नाही. तिला अंधार असतानाच निघावं लागतं, कारण उन्हात पान मलूल होतं. आणि टिपेश्वर अभयारण्याच्या भोवतालच्या या जंगलात अंधारात आणखी कोण असतं ते मी तुम्हाला सांगायला नको; २०१८ मध्ये बोराटीजवळ नरभक्षक ठरवलेली वाघीण मारली गेली तोवर राळेगाव-केळापूरच्या गावांनी काय दिवस काढले, ते तुम्हीच पाहिलंय.

दुपारी घरातली लहान-थोर सगळी मिळून पुडके बांधतात. आपल्या राज्यात पुडका सत्तर पानांचा, आणि हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पानं, प्रत्येक पान कुणीतरी खुडलेलं, मोजलेलं. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, जातात. तिथं दिवाणजी बसलेला. तो पुडका उचलतो, वर-खाली करतो, पान लहान आहे, भोकं आहेत, सत्तर भरत नाहीत म्हणतो आणि बाजूला टाकतो. मग उरलेले पुडके उन्हात रांगेनं लावायचे, पलटायचे, मधेच वळवाचा पाऊस आला तर डाग पडले म्हणून पुन्हा रड. शेवटी पाणी शिंपडून बोदांत, म्हणजे मोठ्या पोत्यांत, भरायचे.

हे पान पुढे गोंदिया-भंडाऱ्याला, कामठीला, सिन्नरला, सोलापूरला जातं. तिथं बाई रात्री ते भिजवते, सकाळी पत्र्याच्या मापावर कैचीनं कापते. मांडीवर सूप. चिमूटभर तंबाखू, एका विडीला साधारण ०.२ ग्रॅम, बोटांनी वळणं, तोंड दुमडणं, दोरा. घट्ट झाली तर ओढली जात नाही, सैल झाली तर तंबाखू गळतो. नेमकी तीच परीक्षा जी सिगारवाला दोन बोटांत दाबून घेतो. मजुरी हजार विड्यांवर. संध्याकाळी कारखान्यात किंवा सट्टेदाराकडे, म्हणजे मधल्या ठेकेदाराकडे, माल मोजून घेतात, आणि तिथं छाट निघते. ही विडी वाकडी, ती लहान, ही फाटकी. छाटीचे पैसे नाहीत. हा वाद इतका जुना आणि इतका सार्वत्रिक, की १९६६ च्या कायद्याच्या ३९ व्या कलमात विड्या नाकारण्याचा आणि नाकारलेल्यांच्या मजुरीचा तंटा सोडवायची वेगळी तरतूद करावी लागली.

माझं म्हणणं एवढंच आहे, मंडळी. पारख दोन्हीकडे आहे, तेवढीच बारीक, तेवढीच कठोर. हवानात ती वळणाऱ्याच्या बाजूनं बोलते, चांगल्या हाताची किंमत वाढवते. आपल्याकडे ती फक्त नाकारण्याच्या वेळी तोंड उघडते. उत्तम पान आणलं म्हणून पुडक्याला जास्त भाव, उत्तम वळली म्हणून विडीला जास्त मजुरी, असं मी तरी ऐकलेलं नाही. तुम्ही कुणी ऐकलं असेल तर नंतर जरूर सांगा.

आता जरा वाट सोडून एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. वळण्याच्या कामात हात गुंतलेले, कान मात्र मोकळे. हवानाच्या सिगार कारखान्यात १८६५ पासून कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस बसू लागला. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. ड्यूमाची मोंटे क्रिस्टोची कादंबरी तिथं इतकी आवडती, की १९३५ मध्ये निघालेल्या सिगारला तेच नाव मिळालं. हे सगळं साता समुद्रापलीकडचं असं समजू नका. केरळात कन्नूरकडच्या विडी कारखान्यांतही एक जण पेपर वाचायचा आणि त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. याच कन्नूरमध्ये १९६९ मध्ये दिनेश विडीची सहकारी संस्था उभी राहिली, ती नव्या कायद्याला घाबरून मालकांनी कारखाने बंद केल्यावर. ऐकत-ऐकत शहाणे झालेले लोक होते ते.

मग आपल्याकडे? कायदा टाळायला कित्येक मालकांनी काम घराघरांत पांगवलं. एकेक बाई एकेका ओसरीत. शेजारणीचं सूप दिसत नाही, तिची छाट किती निघाली ते कळत नाही. घरात तंबाखूची पूड उडते, लेकरं तिथंच झोपतात. अशा विखुरलेल्या माणसांना एकत्र करणं किती अवघड, याचा विचार करा, म्हणजे या कायद्याच्या कितीतरी आधी विडी कामगारांना एकत्र आणणाऱ्या कामठीच्या बाबू हरदासांचं काम कळेल. एल. एन. हरदास. जन्म १९०४. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते हे. विडी कामगारांची संघटना बांधणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये, पस्तिशीतच, वारले. त्यांचा 'जय भीम' देशभर गेला. विडीवाल्यांसाठी केलेलं काम कामठीच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. विदर्भाच्या शाळेत हा धडा असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोलापुरात मात्र संघटना टिकली. कामगार नेते आडम मास्तरांच्या पुढाकारानं गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरकुलं उभी राहिली, २००६ मध्ये ती विडी कामगार बायांना मिळाली. घर नावावर आलं, हजाराचा दर मात्र दरवेळी भांडूनच वाढवावा लागतो.

पानाच्या बाजूला अलीकडे थोडा बदल झालाय. १९६९ च्या कायद्यानं राज्यात तेंदूचा व्यापार सरकारी हातात गेला: घटक पाडायचे, लिलाव करायचा, ठेकेदारानं उचलायचं. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना हक्क देणारा पेसा कायदा आणि वनहक्क कायदा आल्यानंतर गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभांनी पान स्वतः विकायला सुरुवात केली. ठेकेदारासमोर आता मजूर बसत नाही, मालक बसतो. केळापूर तालुक्यातली बरीच गावं पेसाखाली आहेत, तेव्हा हे तुमच्याही दाराशी आलेलं काम आहे. फसगतीही झाल्या आहेत, ठेकेदार पैसे बुडवून गेल्याच्या तक्रारी आहेत. पण हिशेबाची वही गावात राहिली, हे मला मोठं वाटतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा निर्णय मात्र या सगळ्यांहून निराळा. सामूहिक वनहक्क हातात आल्यावर त्यांनी बांबू विकायचं ठरवलं आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. कारण साधं होतं: पानासाठी झाडं छाटली जातात, नवी पालवी यावी म्हणून जंगलाला आगी लावल्या जातात, आणि छाटलेल्या झाडाला टेंभरं धरत नाहीत. पैसे सोडले, फळं ठेवली. मला हा निर्णय पूर्ण पटतो असं नाही. ज्या गावात बांबू नाही, त्या गावातल्या बाईला मे महिन्यात दुसरी मजुरी कुठली द्यायची? पण पानाकडे इतक्या बारकाईनं बघणारं, त्याचा भाव आणि त्याची किंमत वेगळी करणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. प्रश्न असतील तर विचारा. फक्त कुठला सिगार चांगला, ते विचारू नका. माझे डॉक्टर पहिल्याच रांगेत बसले आहेत.