सिम्प्सन वाळवंटांतील एक दिवस



ऑस्ट्रेलिया खंडांत दक्षिण ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलंड व नॉर्दर्न टेरिटरी या तीन प्रांतांच्या सीमा जेथें मिळतात, त्या जागेभोंवतीं सिम्प्सन नांवाचें वाळवंट पसरलें आहे. त्याचा विस्तार सुमारे १,७६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून कांहींसा अधिक. त्यांत वाळूच्या अकराशेंहून अधिक टेकड्या एकमेकींस समांतर गेलेल्या आहेत. उंसासाठीं पाडलेल्या सरी-वरंब्यांचें चित्र डोळ्यांपुढें आणावें आणि एकेक वरंबा घराहून उंच व कित्येक कोस लांब कल्पावा, म्हणजे तो प्रदेश समजेल.

माझ्या कन्येचें बिऱ्हाड ॲडलेड येथें आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्यांत, म्हणजे तिकडील हिंवाळ्यांत, जांवयांनीं मला आपल्या मंडळीबरोबर या वाळवंटांत नेलें. उन्हाळ्यांत, १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत, तेथें प्रवेशच बंद असतो. पश्चिम कडेस डलहौसी नांवाचे ऊन पाण्याचे झरे आहेत, तेथून आम्ही निघालों. या नांवाची हकीगत मोठी मौजेची आहे. १८६९ ते १८७३ पर्यंत दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन हे होते. तेच पुढें मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजास त्यांचेंच नांव आहे. त्यांची पत्नी लॉर्ड डलहौसी यांची कन्या. त्या नात्यानें हें नांव पडलें. झांशी खालसा करणाऱ्या गृहस्थाचें नांव अशा शांत पाण्यास चिकटावें, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. तेथून पूर्वेस बर्ड्सव्हिल गांवापर्यंत चारशें किलोमीटरांहून अधिक वाट आहे आणि तिच्यांत तेल नाहीं, दुकान नाहीं, घर नाहीं.

आमच्या तांड्यांत चार मोटारी व नऊ माणसें होतीं. या मोटारींस फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणतात. साध्या मोटारीचीं दोन चाकें ओढतात, हिचीं चारहि ओढतात. वाळूंत मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिलें काम चाकांतील हवा सोडण्याचें झालें. ३६ पौंडांची हवा १८ वर आणली कीं टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो व रुतत नाहीं. प्रत्येक गाडीवर उंच काठीला नारिंगी निशाण होतें. टेकडीपलीकडून येणारास गाडीपूर्वी निशाण दिसावें म्हणून तें सक्तीचेंच आहे.

आमची वाट फ्रेंच लाइन या नांवाची. १९६३ सालीं खनिज तेल शोधणाऱ्या एका फ्रेंच कंपनीनें ती बुलडोझरनें पाडली. तेल कांहीं हातीं लागलें नाहीं, वाट राहिली. ती टेकडीस वळसा घालीत नाहीं, सरळ माथ्यावरून जाते. चढावें, माथ्यावर क्षणभर नुसतें आकाश दिसावें, उतरावें, तों पुढची टेकडी उभीच. तांबडी वाळू, तिच्यावर स्पिनिफेक्स नांवाच्या कांटेरी गवताचे झुबके, आणि सखल भागांत कोठें मिठाचें कोरडें, पांढरें तळें. शंभरावर टेकड्या मोजल्यावर मीं तो नाद सोडला.

टेकड्यांचा पश्चिमेचा उतार मंद व पूर्वेचा उभा असतो. म्हणून पुढें जाणें सोपें आणि मागें फिरणें कठीण. आमचे पुढारी म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शेतकरी. त्यांचा नियम एकच होता. टेकडी उतरतांच प्रत्येकानें रेडिओवरून तसें कळवावयाचें, आणि शेवटच्या गाडीचें उत्तर आल्याखेरीज पहिलीनें पुढची टेकडी चढावयाची नाहीं. मला वर्गांतील हजेरीच आठवली.

दुपारीं एकच्या सुमारास चौथ्या गाडीचें उत्तर आलें नाहीं. तीनदां हांक मारली. मध्यें टेकडी आली कीं हा रेडिओ मुका होतो. पुढारी एकटेच मागें वळले. त्यांची गाडी उभ्या बाजूवरून तीनदां घसरली व चौथ्या खेपेस माथ्यापलीकडे दिसेनाशी झाली. आम्हांपैकीं कोणी बोलेना. त्या गाडींत एक वृद्ध दांपत्य होतें, आणि वाळलें गवत गाडीखालच्या तापलेल्या नळ्यांत सांचून गाड्या पेटतात, हें आम्ही आदल्याच रात्रीं ऐकलें होतें. मी पश्चिमेकडे टक लावून पाहत होतों. धूर दिसूं नये, एवढीच इच्छा. वीस मिनिटांनीं टेकडीच्या माथ्यावरून त्यांचा आवाज आला. माणसें सुखरूप होतीं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची रबरी नळी फुटली होती व तें पाणी सारें वाळूनें प्यालें होतें.

इंजिन निवण्यांत व नवी नळी बसविण्यांत दीड तास गेला. तोंवर मी गाडीच्या सावलींत बसलों होतों. १९३६ सालीं टेड कॉल्सन यांनीं उंटांवरून हें वाळवंट प्रथम ओलांडलें, १९६२ सालीं रेग स्प्रिग यांनीं पत्नी व दोन मुलांसह तें मोटारीनें प्रथम ओलांडलें, असें सांगतात. मोटारीचें राहूं द्या. पण कॉल्सन यांच्या बाबतींत ‘प्रथम’ हा शब्द मला खटकतो. त्यांच्यासमवेत पीटर एन्स हा आदिवासी सोबती होताच. शिवाय वांगकांगुरू लोक या टेकड्यांमध्यें पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते, तें मिकिरीच्या बळावर. मिकिरी म्हणजे सखल जागीं हातांनीं खणलेली अरुंद, खोल विहीर. १८८६ सालीं डेव्हिड लिंडसे या मोजणीदारास अशा विहिरी दाखविल्या त्या त्यांच्यांतीलच एका माणसानें. १९०० च्या सुमारास ते लोक वाळवंटाबाहेर गेले व विहिरी वाळूनें भरत आल्या. त्यांच्या वंशजांचा या भूमीवरील हक्क न्यायालयानें २०१४ सालीं मान्य केला. आम्ही मात्र त्यांच्या त्या भूमींत पाणी डब्यांतून वाहून नेत होतों.

त्या सायंकाळीं पॉपेल कॉर्नर, म्हणजे तीन सीमांचा खुंट, गांठण्याचा बेत होता. तो राहिला. सूर्य मावळतांच दोन टेकड्यांमध्यें मुक्काम केला. थंडी बोंचत होती. वृद्ध गृहस्थ आपल्या पिण्याच्या पाण्यांतूनच इंजिन भरूं म्हणत होते, परंतु पुढाऱ्यांनीं तें ऐकलें नव्हतें. सारें बारा लिटर त्यांनीं स्वतःच्या साठ्यांतून घातलें होतें. आतां दिव्याच्या उजेडांत इतर तीन गाड्यांनीं तीन तीन लिटर त्यांस परत मोजून दिलें. माप माझ्या हातीं होतें. शेवटचे तीन लिटर त्या वृद्ध बाईंनीं ओतले. त्यांचा हात कांपत होता, म्हणून मीं डबा खालून धरला. पुढाऱ्यांनीं वहींत आंकडे लिहिले, प्रत्येक गाडीपुढें किती पाणी उरलें तें वाचून दाखविलें, आणि सकाळीं चौथी गाडी दुसऱ्या क्रमांकावर राहील असें सांगून ते निजावयास गेले.