देवळाचे आवार आणि गावाचे मन
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळाच्या पायरीशी आलेला माणूस कोणी न सांगता चपला काढतो, बोलणे हळू करतो. तोच माणूस दहा पावलांवरच्या उकिरड्यापाशी खर्‍याची पन्नी सहज टाकून देतो. माणूस एकच, जागा बदलली की त्याचे वागणे बदलते.

गाडगेबाबांनी हे पुरते ओळखले होते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले बाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. झाडलेल्या गावात उपदेश लवकर रुजतो.

परिसराचा परिणाम शरीरावरही होतो. अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. वेदनाशामक औषधेही त्यांना सौम्य पुरली. एका अभ्यासाने सारे सिद्ध होत नाही. पण पारावरच्या पिंपळाची किंमत त्यातून कळते.

भंडारा जिल्ह्यालाही हा अनुभव आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी येथे तलाव बांधले. त्यांतून धानाला पाणी, गुरांना पाणी आणि गावाला मासळी मिळे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पुष्कळ ठिकाणी ‘हा आपला तलाव’ ही भावना ओसरली. गाळ साचला, बेशरम माजली. आपलेपणा सुटला की निगा सुटते.

आज देऊळ नवे झाले आहे. देणगीतून दगड, सिमेंट आणि रंग आला. रोजचा झाडू मात्र देणगीतून येत नाही. म्हणून प्रत्येक मोहल्ल्याने आठवड्याची पाळी घ्यावी. नळाखालच्या पाण्याला वाट काढून द्यावी, पाराशी कचरापेटी ठेवावी, कडुलिंबाची रोपे लावून त्यांना कुंपण करावे. वाटेवर दिवा असावा, म्हणजे सायंकाळी आयाबहिणी निर्धास्तपणे येतील. म्हातार्‍यांसाठी सावलीत बाक असावा.

‘हात फिरे तेथे लक्ष्मी वसे’ असे जुनी माणसे म्हणत. या आवारावरून गावाचा हात रोज फिरत राहिला, तर येथे खेळणारी मुले स्वच्छतेची सवय घरी नेतील. जीर्णोद्धाराचे खरे फळ तेच होय.